आबांसाठी बिनआवाजी टायर

टायर या विषयात अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्याइतकं कळणारा माणूस आजमितीला दुसरा नसेल! हे मी गर्वाने सांगत नाही. जे झालं त्याला आता इलाज नाही. निदान माझं ज्ञान तरी कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून सांगतो.

टायर काळा असतो, गोल असतो आणि पंक्चर होतो, एवढंच पूर्वी मला माहीत होतं. तेव्हा मी सुखात होतो.

माझं नाव सोमेश्वर. बीडला राहतो, विमा विकतो. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की घाबरायचं नाही. नको का आहे ते विचारायचं आणि ते कारण दूर करायचं. त्याने दुसरं कारण काढलं की तेही दूर करायचं. कारणं संपली की गिऱ्हाईक मुकाट्याने सही करतं. या एका मंत्रावर मी घर बांधलं, मुलीला शिकवलं आणि गेल्या वर्षी चार्जिंगवर चालणारी गाडी घेतली. याच मंत्राने माझं वाटोळंही केलं, पण ते पुढे येईल.

गाडी घेतली ती खरं म्हणजे आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील, सटवा. पालीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे ते राहतात. जन्मभर शेळ्या-मेंढ्यांमागे चालले. आता गुडघे गेले, मेंढरं विकली, नादाला म्हणून पाच-सहा शेळ्या तेवढ्या ठेवल्यात. दर एकादशीला नारायणगडावर दर्शनाला जायचं हा त्यांचा नेम. माय होती तोवर दोघं पायी जायची. माय गेली, गुडघेही गेले, पण आबांचा नेम चुकला नाही. आता ते बद्रीनाथच्या जीपमधून जातात.

बद्रीनाथ हा आबांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या जीपचं वर्णन करायचं तर तिचं एक दार सुतळीने बांधलेलं आहे आणि दुसरं दार नाहीच. ती चालू झाली की गावातली कुत्री आपापल्या घरी जातात. आणि माझा बाप, ज्याच्या मुलाकडे पंखा लावावा तसं गार वारं सोडणारी नवीकोरी गाडी आहे, तो त्या जीपमध्ये लोखंडी फळीवर बसून गडावर जाणार! गावात येता-जाता लोक मला विचारायचे, "कावून रे सोमा, बापाला गाडीत घेत न्हाईस व्हय?"

काय उत्तर देणार? मी घेत होतो, आबा बसत नव्हते.

एकदाच बसले होते. गाडी आणली त्या दिवशी मी त्यांना गावाहून बीडला घेऊन आलो. रस्ताभर त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. बॅटरी कुठे असते, ती कशी बनते, मोटार कशी फिरते, ब्रेक दाबल्यावर करंट परत कसा येतो, सरकार यावर काय देतं, काय देत नाही. आबांनी एक शब्द मध्ये बोलून अडथळा आणला नाही. घरी उतरल्यावर म्हणाले, "चांगली हाय." आणि त्यानंतर त्या गाडीला त्यांचा पाय लागला नाही.

पुढच्या एकादशीला मी गेलो तर म्हणाले, "नगं बाबा, त्या गार वाऱ्यानं गुडघं धरतेत."

मला आनंदच झाला. कारण कळलं होतं! पुढच्या वेळी मी एसी बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, घामाने निथळत गावात पोचलो. आबा म्हणाले, "ती शीट लई मऊ हाय. कंबर बसती माझी." त्याच्या पुढच्या वेळी मी सीटवर लाकडी फळी टाकून तिच्यावर त्यांचं आवडतं घोंगडं अंथरून नेलं. आबा म्हणाले, "आत सेंटाचा वास येतो रे, डोकं उठतं." मी तिथल्या तिथे ती सेंटची डबी उकिरड्यावर फेकली. एका शेळीने ती हुंगली आणि तोंड फिरवलं, म्हणजे आबांचं बरोबर असणार.

"आता बसा," मी म्हणालो.

आबा घुटमळले. बद्रीनाथकडे पाहू लागले. बद्रीनाथ आभाळाकडे पाहू लागला.

"आता कशाची तकलीफ हाय आबा? आवाजाची हाय का?" मीच सुचवलं. "इंजन न्हाई ना ह्या गाडीला, म्हणून टायरची घरघर आतमधी लई येती. बाकीच्या गाड्यांत ती इंजनाखाली दबून जाती."

आबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"हां, तेच," ते म्हणाले. "ती घरघर. कानात बसती ती माझ्या, दोन दोन दिस जात न्हाई." आणि घाईघाईने जीपमध्ये चढून गेले.

झालं. एकच कारण उरलं होतं, आणि तेही मला सापडलं होतं.

त्या दिवसापासून मी टायरच्या मागे लागलो. आवाज न करणारा टायर शोधायचा, पण नुसता तेवढाच नाही. गडाचा चढ आहे, वळणं आहेत आणि आबा जुन्या हाडांचे. तेव्हा उन्हाने डांबर पातळ झालं तरी रस्ता न सोडणारा, पकडीचा टायर पाहिजे. इथेच खरी गोम आहे. रबर मऊ असलं की पकड चांगली, पण ते लवकर झिजतं. कडक असलं की टिकतं, पण घरघरतं. त्यात आमच्या गाडीच्या पोटात बॅटरी, म्हणजे ती म्हशीसारखी जड. साध्या गाडीचा टायर तिला चालत नाही. हे सगळं मला मोबाईलवरच्या एका गोऱ्या माणसाने शिकवलं. तो उन्हाळ्यात वेगळे टायर आणि हिवाळ्यात वेगळे टायर लावा म्हणून बजावत होता. रात्री जेवताना, सकाळी दात घासताना मी त्यालाच ऐकत होतो.

"अहो, भाजी संपली आहे," बायको म्हणायची. योगिता तिचं नाव.

"थांब जरा. हा टायर ओल्या रस्त्यावर दोन पावलं आधी थांबतो म्हणे."

"बीडात ओला रस्ता कुठं बघितलात तुम्ही?"

अशा माणसापुढे शास्त्र काय सांगायचं! तरी मी सांगत होतो.

जुन्या टायरचा आवाज नेमका किती येतो हे कळावं म्हणून मी मोबाईलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं, योगिताला मागे बसवलं आणि सोलापूरच्या रस्त्याला गाडी काढली. मी गाडी चालवत तिला ॲप कसं वाचायचं ते समजावत होतो. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा."

"का?"

"काटा तुमच्याच आवाजावर हलतोय. टायरचा आवाज त्याला ऐकूच येईना."

त्यावर मी तिला अशा मोजणीत कोणकोणत्या चुका होऊ शकतात ते सविस्तर सांगितलं. तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल.

बार्शी रोडला भागवतचं टायरचं दुकान आहे. मी तिथे इतक्या वेळा गेलो की त्याने माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती, आणि शेवटी शेवटी ती आत लपवून ठेवायला लागला.

"उन्हाळी टायर आहेत का, भागवतराव?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"साहेब, हे बीड हाय," भागवत म्हणाला. "हितं सगळेच टायर उन्हाळी."

मी त्याला फरक समजावून सांगितला. त्याने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, चहा मागवला, तोही थंड झाला. शेवटी त्याने पुण्याहून माझ्या मनासारखे चार टायर मागवले. आतून स्पंजाचं अस्तर असलेले. तो स्पंज आवाज पिऊन टाकतो. वरून रबर असं मऊ की नख रुतावं.

"साहेब, बाभळीचा काटा गेला तर आपला पंक्चरवाला आतला स्पंज बघून पळून जाईल," भागवत म्हणाला. "गावाकडं नेऊ नका हे टायर."

"अहो, गावाकडं न्यायलाच तर घेतोय!"

भागवतने हात जोडले. मला वाटलं, निरोप घेतोय.

टायर बसले आणि मी गाडी रस्त्यावर काढली. काय सांगू तुम्हाला! आवाज म्हणून नाही. सायकलची चेन वाजते तेवढंही नाही. माझा मलाच श्वास ऐकू येऊ लागला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आबांना आधी काही कळवायचं नाही, एकदम दारात जाऊन उभं राहायचं, असा मी बेत केला. त्यांच्याकडे आता एकही कारण उरलेलं नव्हतं. फळी होती, घोंगडं होतं, गार वारं नव्हतं, वास नव्हता, घरघर नव्हती. एवढं सगळं केल्यावर अनोळखी माणसानेसुद्धा सही केली असती, हा तर माझा बाप होता.

सकाळी निघालो तर फाटकापाशीच पहिला घोटाळा झाला. समोरच्या सावित्रीबाई रस्त्याच्या कडेला धोतर अंथरून त्याच्यावर कुरडया घालत होत्या. माझ्याकडे पाठ, एका हाताशी चिकाचं पातेलं, दुसऱ्या हातात साचा. मी गाडी त्यांच्या अगदी मागे नेऊन उभी केली आणि काच खाली करून नम्रपणे म्हणालो, "काकू, जरा बाजूला होता का?"

काकू बसल्या जागी उडाल्या. पातेलंही उडालं. अर्धा चीक धोतरावर सांडला, अर्धा माझ्या बॉनेटवर.

"मेल्या, जीव घेतोस का!" छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "माणूस येताना खाकरतो तरी. तुझी गाडी चोरावाणी आली की रे."

ते मात्र खरं होतं. आमच्याकडे कुणाच्या दारात जायचं तर आधी बाहेर उभं राहून खाकरायची रीत आहे. आत सुना-लेकी असतात, कुणी बसलेलं असतं, कुणी काही बोलत असतं. खाकरलं की पदर सावरतात, बोलणं सावरतात. आबा तर स्वतःच्या घरातही खाकरल्याशिवाय शिरायचे नाहीत. माझ्या जुन्या टायरची घरघर हे माझं खाकरणं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र काकूंना टायरच्या स्पंजाविषयी सांगत बॉनेट पुसत होतो. पण बीडचं ऊन कुणासाठी थांबतं? पुसेपर्यंत निम्मा चीक वाळून बॉनेटला चिकटला.

तशीच गाडी घेऊन निघालो. पाली मागे पडली, बिंदुसरेचं धरण मागे पडलं, गावाच्या वाटेला लागलो. एरवी माझी गाडी वळणावर आली की आबांना ऐकू जायची आणि ते बाजेवरून उठून उभे राहायचे. त्या दिवशी काहीच झालं नाही. आबांच्या अंगणाला एका बाजूने शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण आहे. मी काट्यांपासून टायर सांभाळत, पावलापावलाने, त्या कुंपणाच्या मागच्या बाजूला जाऊन थांबलो. एक पान हललं नाही. पलीकडे कडुनिंबाखाली आबा आणि बद्रीनाथ बसले होते. फांद्यांच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती.

मी मनाशी हसत दार उघडणार, तेवढ्यात बद्रीनाथ बोलला.

"सटवा, माझ्या जीपचा क्लच गेलाय. आज काय ती निघत न्हाई. तू आपला पोराच्या गाडीत जा."

"नगं," आबा म्हणाले.

"कावून नगं बे? केवढी गाडी हाय. अन् आता टायर बी बदललं म्हणं तुझ्यापायी. योगिता सांगत होती फोनवर."

"तीच तर तकलीफ झालीय."

"टायरची?"

"टायर गेलं खड्ड्यात," आबा म्हणाले. "बद्री, त्यो बोलतो रे."

माझा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला.

"गाडीत बसलं का सुरू. गावातून निघाल्यापसून बीडापस्तोर. मला ब्याटरी कशी बनती ते सांगितलं त्येनं. मी इचारलं न्हवतं. करंट कुठून येतो, कुठं जातो, सगळं सांगितलं. उतरलो तवा माझं डोकं असं झालतं, जसं मेंढराचा बाजार उठून गेलाय."

बद्रीनाथ खो खो हसला. "मंग सांगायचं की त्येला, गप बस म्हणून."

"कसं सांगू? लेकरू हाय. मायेनं बोलतंय. तोंड पडंल त्येचं. म्हणून काय बी बहाणा करत होतो. गार वारं, मऊ शीट. त्यो एकेक बहाणा काढून टाकाय लागला. त्या टायरची घरघर होती तवा निम्मं तरी ऐकू येत न्हवतं, तेवढंच बरं होतं. आता ती बी काढली म्हणं."

बद्रीनाथ आता हसत नव्हता.

"मी गडावर कशाला जातो, तुला ठावं हाय," आबा म्हणाले. "साखरा अन् मी जायचो. रस्त्यानं ती बोलायची न्हाई, मी बी न्हाई. दोघं आपलं चालायचो. त्या रस्त्यानं मला गपचिप जायाचं असतं. तुझ्या जीपमधी खडखड असती, कुणी बोलत न्हाई. माझं मी बसतो. ती जवळ बसल्यावाणी वाटतं."

साखराबाई, माझी माय. ती गेल्यावर आबा तिचं नाव घेऊन बोलले, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तेही काटेरी कुंपणाच्या मागून, चोरासारखं.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? उतरून पुढे जावं तर आबांना कळणार की मी ऐकलंय. आयुष्यात पहिल्यांदा ते एवढं बोलले होते, आणि माझं तोंड पडू नये म्हणून वर्षभर खोटं बोलत होते. त्यांना तसं उघडं पाडायचं? नाही. तेव्हा आल्या वाटेने गुपचूप मागे जायचं, वळणावरून हॉर्न वाजवत परत यायचं, असं मी ठरवलं. टायर तर बिनआवाजीच होते.

मी गाडी मागे घेतली, आणि गाडी किंचाळायला लागली.

तुम्हाला ठाऊक असेल, गाडी मागे घेताना मागे काही असलं की ती टीं टीं करते. मागे काही नव्हतं, असं मला वाटत होतं. मागे आबांच्या सगळ्या शेळ्या होत्या. वैशाखाचं ऊन, गाडीची सावली पडलेली पाहून त्या येऊन निवांत बसल्या होत्या. त्या हलेनात आणि गाडी गप्प होईना. पुढे घ्यावी म्हणून पुढे पाहिलं, तर सगळ्यात मोठी शेळी बॉनेटवर चारही पायांनी उभी राहून सावित्रीबाईंचा चीक चाटत होती. मी आतून हात हलवले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चाटणं चालू ठेवलं. काच खाली करून दबक्या आवाजात "हाड, हाड" म्हणालो, तर तिने उत्तर दिलं, आणि तेही मोठ्याने.

कुंपणावरून बद्रीनाथचं डोकं वर आलं.

"आरं, सोमा हाय की," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला.

मग आबांचं डोकं वर आलं. मी गाडी बंद केली. टीं टीं थांबलं. शेळी अजून चाटतच होती.

"आबा," मी म्हणालो, "मी आत्ताच आलो. मी काही ऐकलं न्हाई."

त्याच्याइतकं गाढवपणाचं वाक्य मी आजवर बोललो नसेन, आणि मी पुष्कळ बोललेलो आहे. आबांनी खाली पाहिलं. कुंपणाला वळसा घालून हळूहळू आले, शेळीला कान धरून खाली उतरवलं आणि बॉनेटवर तिच्या खुराचा ओरखडा पडला होता त्याच्यावरून हात फिरवला. मग घरात गेले. बद्रीनाथ आणि मी एकमेकांकडे न पाहता उभे राहिलो. आबा बाहेर आले ते धुतलेला फेटा बांधूनच.

"चल," ते म्हणाले, आणि स्वतः दार उघडून, घोंगडं सारखं करून शेजारी बसले.

वर्षभर मी ज्याची वाट पाहत होतो ते घडलं होतं. आणि मला रडू येत होतं, कारण सही झाली होती ती माझ्यावर दया येऊन झाली होती.

मी तेव्हाच शपथ घेतली, गड येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गाडी निघाली. टायर खरोखरच उत्तम होते. रस्ता तापल्या तव्यासारखा झाला होता, पण गाडी वळणाला तसूभर सरकली नाही. हे आबांना सांगण्यासारखं होतं. मी नाही सांगितलं. वाटेत एक चार्जिंगचा नवा खांब उभा राहिलेला दिसला. त्याच्याविषयीही बोलण्यासारखं होतं. मी जीभ दाताखाली धरली. एका ट्रॅक्टरवाल्याने भलतीकडूनच गाडी घातली, त्यावर तर मी एरवी पालीपर्यंत बोललो असतो. तिथेही गप्प. आबा बाहेर बघत होते. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. हात मांडीवर उलटे पडले. मला वाटलं, असंच बसत असतील ते जीपमध्ये. आणि मी शेजारी असताना ते असे बसलेत, याचा मला असा काही आनंद झाला की तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

गडाची वाट लागली, चढ सुरू झाला. रस्त्यावर नुकतंच डांबर टाकून वर बारीक खडी पसरलेली होती. आणि आबा बोलले.

"ती बाभळ दिसती का, वाकडी?"

मी नुसती मान हलवली.

"तिथं बसायचो आमी. तुझी माय दमायची चढाला." थोडं अंतर गेलं. "ती काय बोलायची न्हाई रस्त्यानं. एकदाच बोलली. तू पोटात होतास तवा. आठवा लागलाता. मी म्हणलं, नगं येऊ, तर ऐकली न्हाई. अन् हितंच, त्या बाभळीखाली बसली, पोटावर हात ठेवला अन् मला म्हणली..."

आबा थांबले. ते हसत होते. आबांना असं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं होतं, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात गाडीखाली टिक टिक टिक असा आवाज सुरू झाला.

इतक्या शांत गाडीत तो केवढा मोठा वाटावा! आबांनी सहज खाली, पायाशी पाहिलं. नुसतं पाहिलं हो. विचारलं काहीच नाही.

"काही न्हाई आबा, काळजी करू नका," मी म्हणालो. "खडी हाय. टायरच्या खाचेत अडकलीय. त्याचं काय असतं, रबर मऊ असलं ना, की पकड चांगली असती, पण मग ते खडी धरून ठेवतं. कडक टायरला असं होत न्हाई. पण कडक टायर उन्हाळ्यात सरकतो. म्हणून मी भागवतला म्हणलं, खडी अडकली तरी चालंल, पण आबांना चढाला धोका नको. अन् आता आवाज येतोय तो फक्त त्या खडीचा हाय बरं का, टायरचा न्हाई. टायरचा आवाज आतल्या स्पंजानं..."

गडाची कमान आली तेव्हा मी स्पंजाच्या जाडीवर होतो. गाडी उभी केली आणि शेजारी पाहिलं. आबांनी डोळे मिटले होते. बॅटरीविषयी सांगत होतो त्या दिवशी जसे बसले होते, अगदी तसे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

देवासमोर मी काय मागितलं असेल ते सांगायला नको. दर्शन झालं, आबा पायरीवर टेकले, मी त्यांना पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "टायर चांगलं हाईत." मी म्हणालो, "हां." एवढंच म्हणालो, विश्वास ठेवा. खाली येऊन टायरमधली खडी किल्लीने टोकरून काढली. परतीच्या वाटेवर आवाज काडीचा नव्हता. वाकडी बाभळ जवळ येऊ लागली तशी मी गाडी हळू केली. मग आणखी हळू केली. बाभळीपाशी तर चालत्या माणसाने मागे टाकावी इतकी हळू. आबा बाभळीकडे बघत होते, पण बोलत नव्हते.

बाभळ मागे गेल्यावर मला राहवलं नाही.

"आबा," मी विचारलं, "माय काय म्हणली होती?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान लेकराने मागितलेली वस्तू घरात नसली की बाप जसं बघतो, तसं पाहिलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "तू बोल."

तू बोल. माझा बाप मला आपणहून बोल म्हणत होता, आणि गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मी खूप आठवून पाहिलं. एकही गोष्ट सापडेना. आबा तर माझ्याकडे बघत थांबले होते.

म्हणून मग मी त्यांना टायरची वॉरंटी सांगितली.